लेबनॉनमधली सीरियन निर्वासित मुलं शाळा सोडून शेतात राबताना किंवा रस्त्यावर भीक मागताना का दिसतात?

आईबापांना पर्वा नाही, हे सोपं उत्तर आहे आणि चुकीचं. गाडी अडते ती कागदांवर. निर्वासितांना संरक्षण देणाऱ्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर लेबनॉनने सही केलेली नाही. २०१५ पासून १५ वर्षांवरच्या सीरियनांसाठी राहण्याच्या परवान्याची फी वर्षाला २०० डॉलर झाली (२०१७ मध्ये काहींना माफ केली). परवाना नसला की चेकपोस्टवर अटकेची धास्ती. मग बाप तंबूतच थांबतो आणि १२ वर्षांचा पोरगा कामाला जातो, कारण लहान मुलाला सहसा कोणी अडवत नाही.

दुसरी गाठ कर्जाची. लेबनॉनच्या पूर्वेकडच्या बेका या शेतीच्या खोऱ्यात तंबूच्या जागेलाही भाडं पडतं. तिथला मुकादम, म्हणजे ‘शावीश’, बऱ्याचदा भाडं वसूल करतो, उधारी देतो, मजूर पुरवतो आणि मजुरीतून आपला वाटाही कापतो. हिवाळ्यात शेतीकाम थंडावतं, उधारी चढते; उन्हाळ्यात बटाटे वेचून ती फेडायची, आणि त्यात मुलांची मजुरीही धरलेली. ऊसतोडीतली उचल ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे लगेच कळेल.

सरकारी शाळांत सीरियन मुलांसाठी दुपारची पाळी आहे, पण बसभाडं आणि बुडालेली मजुरी कोण भरणार? बैरूतमध्ये टिश्यूची पाकिटं विकणं आणि भीक मागणं यांतली रेघही पुसटच असते. पोलिसांनी मुलं उचलली, तरी भाडं थकलेलंच राहतं, आणि थोड्याच दिवसांत तीच मुलं पुन्हा त्याच कोपऱ्यावर.