पोर्शे ९११ची जुनी पिढी चांगली की नवी?

पोर्शे या जर्मन कंपनीची हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची जुनी ९११ ही स्पोर्ट्स कार चालवायला नव्या गाडीपेक्षा खरोखर सरस आहे का, आणि कोकणातल्या घाटांत व पावसात यांपैकी कोणती गाडी घ्यावी, असे आपण विचारले आहे. मी आखातातील एका कार्यशाळेत या गाड्यांवर काम केले असून आता कुडाळला माझे स्वतःचे गॅरेज आहे, त्यामुळे या प्रश्नाचा विचार मला दोन्ही बाजूंनी करावा लागला आहे. पावसाळ्यात आंबोलीचा घाट उतरायचा असेल, तर नवी गाडी अधिक सुरक्षित आहे, आणि याबाबत मला काहीही शंका नाही. मात्र ‘हवा की पाणी’ ही जुन्या-नव्यातली जी सीमारेषा सगळे सांगतात, ती मला पटत नाही.

१९९७ साली ९९६ ही पाण्याने थंड होणारी पिढी आली (९११च्या पिढ्या अशा तीन आकडी क्रमांकांनी ओळखल्या जातात), तेव्हा जुन्या चाहत्यांना फार वाईट वाटले. पण त्यामागचे कारण सरळ होते. प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह दिले की हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणात, इतकी उष्णता साठते की केवळ पंख्याच्या हवेने ती वाहून नेणे कठीण होते, आणि धूर व आवाज यांचे कडक होत गेलेले नियम तर चार व्हॉल्व्हशिवाय पाळणे अवघड होते. शेवटची हवेवरची ९९३ ३.६ लिटरच्या इंजिनातून आरंभी २७२ अश्वशक्ती देत असे, तर ९९६ने ३.४ लिटरमधूनच ३०० दिली. इंजिनाचा खरखरीत, कोरडा आवाज गेला, हे खरे आहे आणि त्याची हळहळ मलाही वाटते. पण गाडी वळणावर कशी वागते हे इंजिन कशाने थंड होते यावर ठरत नाही.

ते ठरते वजनावर. ९११चे इंजिन मागच्या आसाच्याही मागे टांगलेले असते. वळणाच्या मध्यावर चालकाने घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की वजन पुढे सरकते, मागच्या टायरांची पकड कमी होते आणि जड शेपूट बाहेर फेकली जाते. १९६४च्या गाडीत पुढच्या व मागच्या आसांमधले अंतर २२११ मिलिमीटर होते आणि टायर अगदी अरुंद होते, त्यामुळे ही खोड इतकी जाणवे की काही काळ कारखान्याने पुढच्या बंपरमागे बिडाची वजने बसवली. पुढे १९६९च्या मॉडेलपासून हे अंतर ५७ मिलिमीटरने वाढवले, ९९६मध्ये ते २३५० झाले आणि २०११च्या ९९१मध्ये २४५०. म्हणजे या गाडीच्या पिढ्यांचा इतिहास हा शेपटीला आवरण्याची जबाबदारी चालकाकडून हळूहळू गाडीकडे जाण्याचा इतिहास आहे. त्यातला सर्वांत मोठा टप्पा मला १९८९च्या ९६४चा वाटतो, कारण टॉर्शन बारच्या (पिळाने स्प्रिंगचे काम करणाऱ्या दांड्यांच्या) जागी कॉइल स्प्रिंग, ब्रेक दाबताना चाके जाम होऊ न देणारी एबीएस, पॉवर स्टिअरिंग आणि चारही चाकांना शक्ती देणारी रचना हे सारे ९११मध्ये त्याच पिढीने आणले. ९९३ने मागचे सस्पेन्शन पूर्णपणे बदलून हे काम आणखी पुढे नेले. या दोन्ही गाड्या हवेवरच्याच होत्या, हे ध्यानात घ्यावे.

दुसरी सीमारेषा मी ९९१पाशी ओढतो. तिथे स्टिअरिंगला तेलाच्या दाबाऐवजी विजेच्या मोटरचे साहाय्य आले आणि रस्त्याचा खडबडीतपणा हाताला पूर्वीइतका कळेनासा झाला; २०१५मध्ये साध्या कॅरेरालाही, म्हणजे ९११च्या मूळ आवृत्तीलाही, इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो बसला. वेगात अर्थातच तुलना नाही. शून्यापासून १०० किलोमीटरचा वेग गाठायला पहिल्या ९११ला सुमारे नऊ सेकंद लागत, तर ९९१नंतरच्या ९९२ पिढीची कॅरेरा एस चार सेकंदांच्या आत तो गाठते. शिवाय ९९२मध्ये पुढच्या चाकांच्या कमानींत बसवलेले संवेदक उडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकून रस्ता ओला असल्याची सूचना देतात. जांभ्याची तांबडी माती पावसाबरोबर रस्त्यावर वाहून आलेली असते तेव्हा अशी सूचना किती मोलाची ठरते, हे आपल्याकडच्या चालकाला वेगळे सांगायला नको.

आता खाऱ्या हवेबद्दल. १९७६च्या मॉडेलपासून ९११च्या पत्र्यावर जस्ताचा गरम मुलामा दिला जाऊ लागला. त्याआधीची गाडी वेंगुर्ल्यात किंवा मालवणात उघड्यावर ठेवणे म्हणजे ती हळूहळू गंजाच्या हवाली करणे होय. मुलामा असलेल्या गाडीचाही अपघातानंतर कापून जोडलेला पत्रा सुरक्षित नसतो, म्हणून दरवाजांखालच्या पट्ट्या आणि चाकांच्या कमानी आतून पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये.

माझे मत विचाराल तर मी ९९६ आणि ९९१ यांच्या मधल्या ९९७ पिढीची, २००८ नंतरची कॅरेरा घेईन. तिचे स्टिअरिंग तेलाच्या दाबावर चालते, इंजिनाला टर्बो नाही, चाक घसरू लागताच सावरणारी यंत्रणा आहे, आणि ज्या मधल्या शाफ्टच्या बेअरिंगमुळे ९९६ व आरंभीच्या ९९७चे इंजिन काही वेळा निकामी होत असे, तो शाफ्टच त्या वर्षीच्या नव्या इंजिनातून काढून टाकलेला आहे. भारतात नोंदणी झालेलीच गाडी शोधावी, कारण तीन वर्षांहून जुनी वापरलेली मोटार सर्वसाधारणपणे आयात करता येत नाही.