वडिलांना सोरायसिस, नायटा आणि पायांच्या भेगा असे तिन्ही त्रास एकत्र असतील, तर उपचाराची सुरुवात कुठून करावी?

आपण विचारले आहे ते थोडक्यात असे: वडील 62 वर्षांचे असून त्यांना मधुमेह आहे, कोपरांवर आणि गुडघ्यांवर 15 वर्षांपासून सोरायसिस (जाड खपल्यांचे, दीर्घकाळ राहणारे पण संसर्गजन्य नसलेले चट्टे) आहे, गेल्या पावसाळ्यापासून जांघेत व कमरेभोवती नायटा (त्वचेचा बुरशीजन्य संसर्ग) झाला आहे आणि टाचांना भेगा पडल्या आहेत. औषधाच्या दुकानातून आणलेल्या एकाच मलमाने सगळीकडची खाज थांबते, तर तेच चालू ठेवावे का? मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, परंतु वडिलांना प्रत्यक्ष तपासलेले नसल्यामुळे पुढचे विवेचन त्या मर्यादेतच वाचावे.

जांघेत आणि कमरेवर ते मलम लावणे आजच थांबवावे. दुकानातून सहज मिळणाऱ्या अशा मलमांत बहुधा क्लोबेटासोलसारखे तीव्र स्टिरॉइड, बुरशीविरोधी औषध आणि प्रतिजैविक यांचे मिश्रण असते. स्टिरॉइडने खाज दोन दिवसांत शमते, पण त्वचेची प्रतिकारशक्तीही दबते आणि बुरशीला मोकळे रान मिळते. शिवाय नायट्याची ओळखीची लाल कड पुसट होत असल्याने पुढे निदान करणाऱ्या डॉक्टरचीही फसगत होऊ शकते. कोपरावरच्या जाड खपल्यांना मात्र तेच स्टिरॉइड, योग्य मात्रेत आणि ठरावीक काळापुरते, उपयोगी पडते. म्हणजे एकाच माणसाच्या अंगावर वीतभर अंतरावर एके ठिकाणी जे औषध, ते दुसरीकडे अपाय. केंद्र सरकारने 2018 साली अशी 14 स्टिरॉइडयुक्त लेपने चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला; दुकानाच्या फळीवर त्याचा कितपत परिणाम झाला, हे आपल्या घरातल्या ट्यूबवरूनच दिसते.

ही चूक डॉक्टरांच्या हातूनही होते, माझ्या हातून झाली आहे. व्यवसायाच्या सुरुवातीला एका शेतकरी रुग्णाच्या कोपरांवर निःसंशय सोरायसिस होता, म्हणून कमरेवरचा चट्टाही त्याचाच असे मी गृहीत धरले आणि स्टिरॉइड दिले. तीन आठवड्यांनी तो चट्टा करदोट्याच्या रेषेने थेट पाठीपर्यंत गेला होता. तेव्हा कुठे मी त्याच्या कडेची खपली खरवडून काचपट्टीवर घेतली, तिच्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे फाटे फुटलेले तंतू स्पष्ट दिसले. त्या दिवसापासून एकाहून अधिक त्वचारोग असलेल्या रुग्णाच्या केसपेपरच्या पाठीमागे मी माणसाची आकृती काढतो आणि प्रत्येक चट्ट्याची स्वतंत्र नोंद करतो. वडिलांच्या बाबतीत ही साधी तपासणी कमरेची आणि तळपायांचीही करून घ्यावी, कारण टाचांचा कोरडेपणा म्हणून जे दिसते ती पुष्कळदा बुरशीच असते.

क्रम विचाराल तर मी नायटा आधी घेईन. तो घरात इतरांना लागतो, हे एक कारण. दुसरे असे की सोरायसिसच्या रुग्णाने जिथे सतत खाजवावे तिथे कालांतराने सोरायसिसचाच नवा चट्टा उमटू शकतो, त्यामुळे नायट्याची खाज थांबवणे हा सोरायसिसच्याही उपचाराचा भाग ठरतो. सध्याचा नायटा चिवट आहे. पूर्वी दोन आठवड्यांत बरा होणारा आजार आता दोन-दोन महिने औषध मागतो, आणि चट्टा दिसेनासा झाला म्हणून गोळ्या मध्येच सोडल्या की परत उलटतो. करदोटा काढून ठेवावा, पंचा वेगळा असावा आणि घरात आणखी कोणी खाजवत असेल तर त्याचाही उपचार बरोबरच व्हावा.

गोळ्यांची यादी मात्र डॉक्टरांपुढे पूर्ण ठेवावी, मधुमेहाच्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांसह. नायट्यासाठी दिले जाणारे इट्राकोनाझोल कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या काही स्टॅटिन गोळ्यांबरोबर घेतल्यास स्नायूंना इजा होऊ शकते. सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेट चालू असेल तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते; रोजची गोळी समजून घेतल्याने रुग्ण दगावल्याची उदाहरणे आहेत, म्हणून वार ठरवून तो पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहावा. त्यात बुरशीच्या गोळ्यांची भर पडणार असेल, तर यकृताची आणि मूत्रपिंडाची रक्ततपासणी आधी व्हावी.

भेगांसाठी युरियायुक्त मलम किंवा साधे व्हॅसलीन आंघोळीनंतर त्वचा ओलसर असतानाच लावावे. बोटांच्या बेचक्यांत ते भरू नये, आणि मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असू शकते म्हणून टाचा दगडाने घासणे किंवा ब्लेडने तासणे पूर्ण बंद करावे.

पोटात घेण्याच्या स्टिरॉइड गोळ्या कुणी दिल्या असतील तर त्या स्वतःहून एकदम बंद करू नयेत. सोरायसिस उसळून अंगभर पुवाच्या पुटकुळ्या येऊ शकतात. ताप येऊन सर्वांग लाल झाले, किंवा एक पाय सुजून गरम लागू लागला, तर पुढच्या ओपीडीची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.