यशवंतराव चव्हाण पंतप्रधान का होऊ शकले नाहीत?

थोडक्यात सांगायचे तर ते पद एक तर ज्याच्यामागे खासदारांची संख्या आहे त्याला मिळते, नाही तर वेळ येताच जो उघड बंड करतो त्याला. यशवंतरावांजवळ दिल्लीत पहिली गोष्ट कधीच पुरेशी नव्हती आणि दुसरी त्यांच्या स्वभावात नव्हती. मात्र हा प्रश्न बहुधा ज्या सुरात विचारला जातो, म्हणजे ते पद न मिळाल्यामुळे सगळी कारकीर्दच फुकट गेली अशा सुरात, तो मला मान्य नाही. त्याचे कारण आमच्या घरातल्या एका जुन्या भांडणात आहे.

माझे थोरले मामा वाईकडचे, शेतकरी कामगार पक्षाचे कार्यकर्ते होते. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे अनावरण करण्यासाठी पंडित नेहरू आले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीने काळी निशाणे घेऊन जी निदर्शने केली, त्यांत पसरणीच्या घाटात मामा उभे होते आणि ही गोष्ट ते शेवटपर्यंत अभिमानाने सांगत. नेहरू आणि संयुक्त महाराष्ट्र यांत निवड करायची झाली तर आपण नेहरूंच्या बाजूने उभे राहू, अशा आशयाचे यशवंतराव बोलले होते. मामांच्या लेखी माणूस तिथेच संपला. द्वैभाषिकाचा, म्हणजे गुजरात आणि महाराष्ट्र एकत्र असलेल्या तेव्हाच्या मुंबई राज्याचा, मुख्यमंत्री म्हणजे दिल्लीने नेमलेला कारभारी, हे त्यांचे ठरलेले वाक्य होते.

पुढे मी हायस्कुलात गेलो. वडील खंडाने जमीन करीत आणि फीचे पैसे दर सहामाहीला कोणाकडून तरी उसने आणावे लागत. यशवंतरावांच्या सरकारने आर्थिक दृष्ट्या मागास विद्यार्थ्यांना फी माफीची सवलत दिली होती आणि तिच्यात जात विचारली जात नसे, वार्षिक उत्पन्न १२०० रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागे. आमच्याकडे तिला सगळे ‘ईबीसी’ म्हणत. तलाठ्याचा दाखला आणला, पण अर्ज नीट लिहिता येईल असे घरात कोणी नव्हते, म्हणून तो मामांनी लिहिला. ओसरीवर कंदील जवळ ओढून, मोडी वळणाच्या अक्षरात, एकही खाडाखोड न करता. वडील हसत म्हणाले, ‘पाहुणं, चव्हाणांच्या अर्जावर तुमचं अक्षर?’ मामांनी मान वर न करता उत्तर दिले, ‘दाजी, पैसा सरकारचा हाय, कुणाच्या घरचा न्हाय.’ त्यांचे म्हणणे खरेच होते. पण सरकारचा पैसा कुठे वळवायचा हे कोणी तरी ठरवावे लागते, आणि तो नेमका खंडकऱ्याच्या पोराकडे वळवणारा माणूस कोण होता, हे मामांनी कधीही मोठ्याने कबूल केले नाही.

आता दिल्लीविषयी. नोव्हेंबर १९६२ मध्ये, चीनकडून झालेल्या पराभवानंतर कृष्ण मेनन यांना संरक्षणमंत्रिपद सोडावे लागले आणि त्यांच्या जागी यशवंतरावांना बोलावण्यात आले. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, हे वाक्य आपल्याकडे तेव्हापासून पाठ आहे. १ सप्टेंबर १९६५ रोजी जम्मूतल्या छांब भागात पाकिस्तानी रणगाडे घुसले तेव्हा हवाई दल वापरण्याचा निर्णय त्यांनी तातडीने घेतला, आणि माझ्या मते त्यांच्या दिल्लीतील कारकिर्दीचा तोच कळस होता. त्यानंतर गृह, अर्थ, परराष्ट्र अशी मोठमोठी खाती त्यांच्याकडे आली, परंतु ती देणारा हात दुसऱ्याचा होता. १९६९ च्या जुलैमध्ये काँग्रेसच्या बंगळूरच्या बैठकीत त्यांनी राष्ट्रपतिपदासाठी संजीव रेड्डींच्या बाजूने, म्हणजे इंदिरा गांधींच्या इच्छेविरुद्ध मत दिले आणि काँग्रेस फुटली तेव्हा ते इंदिराजींबरोबरच राहिले. असा माणूस दोन्हीकडच्यांना नकोसा होतो. वर्षभरात गृहखाते इंदिराजींनी स्वतःकडे घेतले. आणीबाणीत ते परराष्ट्रमंत्री होते आणि गप्प राहिले. त्याचे समर्थन मी करणार नाही.

पंतप्रधानपदाच्या सर्वांत जवळ ते १९७९ मध्ये पोचले. विरोधी पक्षनेते म्हणून मोरारजी देसाईंच्या सरकारवर त्यांनीच अविश्वासाचा ठराव आणला, ते सरकार कोसळले आणि राष्ट्रपतींनी त्यांना मंत्रिमंडळ बनवता येईल का, अशी विचारणा केली. गंमत म्हणजे ते राष्ट्रपती संजीव रेड्डीच होते. संख्या जमली नाही, यशवंतरावांनी तसे कळवले आणि नंतर चरणसिंगांच्या मंत्रिमंडळात उपपंतप्रधान झाले. ते मंत्रिमंडळ लोकसभेला सामोरेही न जाता पडले. तो ठराव त्यांनी आणायला नको होता. पुढची जुळवाजुळव हातात नसताना सरकार पाडणे, ही चूक त्यांच्यासारख्या सावध माणसाकडून व्हावी याचे मला अजून नवल वाटते.

मामांनी या सगळ्याचा अर्थ ‘कुंपणावरचा माणूस’ असा लावला आणि आता माझा मामेभाऊ लग्नकार्यात भेटला की तेच ऐकवतो. त्याला, आणि त्याच्यासारखे बोलणाऱ्या सर्वांना, माझे सांगणे असे की १९५६ ते १९६२ ही त्यांच्या मुख्यमंत्रिपदाची सहा वर्षे नीट तपासा. महार वतने रद्द करणारा कायदा, नवबौद्धांना राज्यात सवलती, मराठवाडा आणि शिवाजी विद्यापीठ, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या हाती सोपवलेले साहित्य संस्कृती मंडळ ही सगळी त्या काळातली कामे आहेत. १९६१ च्या जिल्हा परिषद कायद्याने तर पंचायत राज्याची शिफारस करणाऱ्या बळवंतराय मेहता समितीप्रमाणे तालुक्यावर भर न देता जिल्ह्याला बळ दिले, आणि जिल्हाधिकाऱ्याला बाहेर ठेवून परिषदेला स्वतंत्र मुख्य कार्यकारी अधिकारी दिला. माझा हाच मामेभाऊ दोनदा जिल्हा परिषदेवर निवडून गेलेला आहे. त्या खुर्चीवर बसून त्याने यशवंतरावांना दिल्लीचा कारभारी म्हणावे, हे मला पटत नाही. समितीच्या रेट्याशिवाय १ मे १९६० उजाडला नसता हे त्याचे म्हणणे पूर्ण खरे आहे, पण उजाडल्यानंतर राज्य कोणी तरी चालवायचे होतेच ना?

यातले काही शिल्लक राहिले ते सांगतो. सहकार आणि जिल्हा परिषदा यांतून जी सत्ता खाली गेली, ती बहुतेक ठिकाणी एकाच समाजाच्या आणि त्यातही मोजक्या घराण्यांच्या हाती साठली, आणि पाया घालणाऱ्याला त्याची जबाबदारी पूर्णपणे झटकता येत नाही. मी सातारा जिल्ह्यातला आहे, तेव्हा माझे मत त्या हिशेबानेच घ्यावे. आपणास मूळ प्रश्नात खरोखर रस असेल तर त्यांचे आत्मचरित्र ‘कृष्णाकाठ’ वाचा, परंतु ते १९४६ पाशीच थांबते. पुढचे भाग लिहिण्याआधीच, २५ नोव्हेंबर १९८४ रोजी, ते दिल्लीत वारले. त्यामुळे बंगळूरला आणि १९७९ मध्ये त्यांच्या मनात काय चालले होते, हे त्यांच्या आत्मचरित्रात आपणास सापडणार नाही.