आयबी-केंब्रिजच्या शाळांत परीक्षाच नसतात आणि तिथली मुलं पुढे भारतात अडकतात, हे खरं आहे का? मुलीला पाचवीत घालायचा विचार आहे.

परीक्षा नसतात ही शुद्ध थाप आहे. अडकतात हे काही मुलांच्या बाबतीत खरं आहे, पण त्याचं खापर अभ्यासक्रमावर फोडण्याआधी विषय कुणी निवडले होते ते विचारा.

मी आधी साताऱ्यात ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवायचे. आता पुण्यात आयबी (इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट) या परदेशी मंडळाच्या डिप्लोमाला, म्हणजे अकरावी-बारावीला, तोच विषय शिकवते. तुमचा प्रश्न आमच्याकडे दर गणपतीत पानात वाढला जातो. थोरले दीर मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. राज्य मंडळाची शाळा, गणित-विज्ञान, छडीचा जमाना. "फी भरली की पास, यांच्याकडे पेपर कुठे असतात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य, आणि तेही माझ्याकडे न बघता माझ्या नवऱ्याला सांगायचं.

डिप्लोमाला सहा विषय, प्रत्येकाला सातपैकी गुण, झाले ४२. वर टीओके (थिअरी ऑफ नॉलेज, म्हणजे आपल्याला जे कळतं ते कसं कळतं याचा अभ्यास) आणि ४,००० शब्दांपर्यंतचा एक्स्टेंडेड एसे, म्हणजे मोठा निबंध, मिळून जास्तीत जास्त ३. एकूण ४५. चोविसाच्या खाली गेलात की डिप्लोमा नाही, आणि २४ मिळवूनही इतर अटींवर अडणारे असतात. माझ्या विषयात ८० टक्के भार लेखी पेपरांवर आहे, तेही बाहेरचे परीक्षक तपासतात. उरलेले २० टक्के म्हणजे आयए: मुलाने स्वतः प्रश्न काढून स्वतः केलेला प्रयोग. लोकांच्या नजरेला पडतो तो हाच भाग, कारण मुलं घरात लिंबं पिळत बसलेली असतात.

मध्यंतरी भाऊजी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे राहायला होते. एका डोळ्याचं झालं होतं, वाचायला मनाई होती. डायनिंग टेबलवर आयएचे कच्चे मसुदे पडलेले, त्यावर मुलांची नावं नव्हती. त्यांनी एक उचललाच. एका मुलाने लिंबाचा रस वेगवेगळ्या तापमानाला ठेवून आयोडीनच्या टायट्रेशनने क जीवनसत्त्व मोजलं होतं. तापमान वाढेल तसं ते कमी होत गेलं, आणि शेवटच्या, सगळ्यात गरम नमुन्यात एकदम वाढलं. मुलाने सरळ लिहिलं होतं, माझा अंदाज चुकला, कारण कळलं नाही.

"उत्तर चुकलंय. शून्य."

म्हटलं, भाऊजी, इथे उत्तराला मार्क नाहीत. का चुकलं असेल, मोजमापावर किती भरवसा ठेवायचा, परत करताना काय बदलशील, याला आहेत.

"म्हणजे चुकायला मार्क."

मी भाजी टाकायला उठले. फोडणी होईपर्यंत भाऊजी स्वयंपाकघराच्या दारात, हातात तोच मसुदा. "भांड्यावर झाकण होतं का त्याच्या?"

"लिहिलेलं नाही."

"मग पाणी उडालं. रस आटला. आटलेल्या रसातले तेवढेच मिलिलिटर घेतले तर जास्तच भरणार ना. बासुंदी आटली की गोड होते, तसं." मग पेन मागितलं. आधी आणि नंतर रसाचं वजन करायला हवं होतं, ब्युरेटचं वाचन तीनदा घ्यायला हवं होतं, आलेखाचा शेवटचा बिंदू वेगळा दाखवायला हवा होता. जेवतानाही विषय तोच. मी समासात फक्त एवढं लिहिलं, रस शेवटी किती उरला ते मोजलंस का? मसुद्यावर एकदाच सल्ला देता येतो आणि दुरुस्ती करून द्यायची नसते. हे त्यांना काही केल्या पटेना. "अगं, पोरगं अडलंय, सांगून टाक की!"

"भाऊजी, ही परीक्षा आहे."

त्यावर काही बोलले नाहीत. पुढच्या गणपतीत मात्र परत तेच, फी भरली की पास.

असो. तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज १९८३ पासून आयबी डिप्लोमाला बारावीच्या बरोबरीचा मानते, त्यामुळे 'मान्यताच नाही' हे सोडून द्या. घोळ होतो विषयांत. डिप्लोमाच्या नेहमीच्या रचनेत दोन भाषा, एक सामाजिक शास्त्र, एक विज्ञान, गणित, आणि सहाव्या जागी कला किंवा आधीच्या गटांतला आणखी एखादा विषय. म्हणजे विज्ञान फार तर दोन. मेडिकलला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी तिन्ही लागतात. त्यासाठी शाळेला आयबीकडून वेगळी परवानगी काढावी लागते, आणि हे अकरावीला विषय घेतानाच बघायचं असतं. एका मुलीच्या आईवडिलांना हे बारावीच्या तोंडावर कळलं, शाळेने तोवर अवाक्षर काढलं नव्हतं. शिवाय आयबीचा निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागतो, इथल्या प्रवेशांच्या तारखा त्याच्यासाठी थांबत नाहीत.

केंब्रिज हे दुसरं परदेशी मंडळ. तिथे दहावीत, म्हणजे आयजीसीएसईला, आणखी एक गोम आहे. बऱ्याच विषयांत कोअर आणि एक्स्टेंडेड असे दोन स्तर असतात. कोअरला बसवलेल्या मुलाने कितीही छान पेपर लिहिला तरी सीच्या वर ग्रेड मिळत नाही. कोणता स्तर घेतला हे नववीतच विचारा.

माझं स्पष्ट मत: नीट किंवा जेईई हेच ठरलेलं असेल तर अकरावीला इकडे येऊच नका. शाळेची फी वेगळी, क्लासची वेगळी, आणि पोरगं दोन्हीकडे अर्धंमुर्धं. उलट, परदेशी जायचं म्हणून आयबीच हवं, हेही खूळच. राज्य मंडळाची मुलं बाहेर जातातच की.

पाटीवरच्या 'इंटरनॅशनल'वर जाऊ नका, अशा नावाच्या कितीतरी शाळा सीबीएसईच्या असतात. 'आयबी कँडिडेट' म्हणजे शाळेने अर्ज केलाय, अजून मान्यता मिळालेली नाही. आयबी आणि केंब्रिज दोघांच्याही वेबसाइटवर शाळांची यादी आहे, त्यात नाव शोधा. फक्त श्रीमंतांसाठी असतं म्हणाल, तर मुंबई महापालिकेनेच माटुंग्याला केंब्रिजची आणि विलेपार्ल्याला आयबीची शाळा काढली आहे. बाकी ठिकाणी मात्र फी बघून घाम फुटतो, ते खोटं नाही. मराठी सुटते का? २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांना मराठी सक्तीची आहे. तासाला नक्की काय शिकवतात ते वर्गात बसूनच कळेल.

माझा पगार अशाच शाळेतून येतो, तेव्हा वरचं सगळं थोडं चाळून घ्या. पाचवीतलं मला फारसं कळत नाही, माझ्याकडे मुलं सोळाव्या वर्षी येतात. शाळेला एवढं विचारा की दहावीला आणि बारावीला नेमकी कुठली परीक्षा, आणि गेल्या वर्षीची किती मुलं भारतातच राहिली, कुठे लागली. माहितीपत्रकात परदेशी विद्यापीठांचे लोगो असतात, इथे राहिलेल्यांचा रकाना नसतो.

आणि घरातलं कुणी थोरलं माणूस 'तिथे पेपर नसतात' म्हणालं, तर वाद घालत बसू नका. केमिस्ट्री हायर लेव्हलचा एखादा जुना पेपर पुढ्यात ठेवा. मी भाऊजींपुढे ठेवला होता. तोवर दोन्ही डोळ्यांचं झालं होतं, त्यामुळे सबब नव्हती. तिसऱ्या प्रश्नाला चष्मा काढून म्हणाले, "हे आम्हाला बीएस्सीला होतं."