दम्यावरील थर्मोप्लास्टीपूर्वी झेनॉन वायूचा एमआरआय कशासाठी करतात? सीटी स्कॅन पुरत नाही का?

तीव्र दम्यात ब्रॉन्किअल थर्मोप्लास्टी (श्वासनलिकेला आतून उष्णता देण्याचा उपचार) करण्याआधी हा एमआरआय काय नवीन सांगतो, असे आपण विचारले आहे. छातीच्या प्रतिमा वाचणे हे माझे रोजचे काम असल्याने त्या बाजूने उत्तर देतो.

सीटी स्कॅनमध्ये श्वासनलिकेची जाड झालेली भिंत दिसते. मात्र त्या नलिकेपलीकडे हवा पोहोचते का, हे त्यावरून खात्रीने सांगता येत नाही. साधा एमआरआय हायड्रोजनच्या अणूंवर चालतो आणि हवेने भरलेल्या फुप्फुसात ते इतके विरळ असतात की चित्र जवळजवळ काळेच येते. म्हणून झेनॉन-129 हा वायू लेझर व रुबिडियम या धातूच्या वाफेच्या साहाय्याने अतिध्रुवित करतात, म्हणजे त्याच्या अणुकेंद्रांची चुंबकीय दिशा मोठ्या प्रमाणावर एकसारखी करतात. रुग्ण पिशवीतला वायू ओढून दहा-पंधरा सेकंद श्वास रोखतो आणि तेवढ्यातच चित्र घ्यावे लागते, कारण फुप्फुसातील ऑक्सिजनमुळे हे चुंबकत्व झपाट्याने ओसरते. जिथे वायू पोहोचला तो भाग उजळ दिसतो, जिथे पोहोचला नाही तिथे काळे डाग राहतात. क्ष-किरणांचा संबंध नसतो. झेनॉन मुळात भूल देणारा वायू असल्याने क्षणभर चक्कर किंवा मुंग्या मात्र जाणवू शकतात.

यापुढचे काम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. काळा डाग फुप्फुसाच्या कडेला असतो, उपचार करायचा असतो नलिकेवर. तेव्हा सीटीवरील शाखांचा माग काढत त्या भागाला हवा पुरवणारी नलिका शोधावी लागते. थर्मोप्लास्टीत नलिकेच्या भिंतीला सुमारे 65 अंश सेल्सिअस उष्णता देऊन नलिका आवळणारा स्नायूचा थर कमी करतात आणि प्रचलित पद्धतीत हे तीन सत्रांत, जवळपास सर्व भागांत केले जाते. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या यादृच्छिक (रुग्णांचे गट चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवलेल्या) चाचणीत झेनॉनच्या चित्रावरून सर्वाधिक बाधित सहा नलिका निवडून त्यांच्यावर एकाच सत्रात उपचार करण्यात आले. प्रत्येक सत्रानंतर काही दिवस दमा बळावण्याचा धोका असतो, त्यामुळे सत्रे कमी होणे ही रुग्णासाठी मोठी गोष्ट आहे. तरीही एवढ्या लहान चाचणीवरून ही पद्धत सर्वांना लागू करू नये, असे माझे मत आहे.

अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने डिसेंबर 2022 मध्ये 12 वर्षे व त्यावरील रुग्णांत हवेचा शिरकाव तपासण्यासाठी या वायूला मान्यता दिली. त्यासाठी झेनॉनच्या वारंवारतेला जुळवलेली, संकेत टिपणारी कॉइल आणि ध्रुवीकरणाचे यंत्र लागते, त्यामुळे ही सोय अजून मोजक्याच केंद्रांत आहे. ती आपल्याला उपलब्ध असल्यास दम्याची औषधे नियमित चालू असताना चित्र काढले जाईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा, कारण तात्पुरत्या आकुंचनाचे डाग औषधाने पुसले जातात आणि उरलेल्या डागांवरूनच नलिका निवडणे योग्य ठरते.