‘थँक्स, लव्ह’ आणि घरातला अबोला

पत्नीच्या किंवा पतीच्या फोनवर कार्यालयातील कुणाचा ‘डिअर’, ‘लव्ह’ अथवा ‘स्वीटहार्ट’ असा शब्द दिसला, तर त्याचा अर्थ काय घ्यायचा, हा प्रश्न समुपदेशनात माझ्याकडे वारंवार येतो. पुण्यात हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांतून परदेशी ग्राहकांशी रोजचे बोलणे असणाऱ्या घरांत तर तो हमखास निघतो. अशाच एका जोडप्याची हकीकत, दोघांच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, येथे देत आहे.

पती चाकणच्या कारखान्यात पहिल्या पाळीला, तर पत्नी हिंजवडीत ब्रिटिश ग्राहकांच्या कामावर. ब्रिटनचे घड्याळ आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार तास मागे असल्यामुळे तिची पाळी दुपारी सुरू होऊन रात्री उशिरा संपत असे. कॅब तिला वारज्याला सोडी तेव्हा ते झोपलेले असत आणि पहाटे कंपनीची बस पकडायला ते निघत तेव्हा ती.

पहिल्या भेटीला पती एकटेच आले आणि त्यांनी स्वतःचा फोन माझ्यापुढे ठेवला. पत्नी अंघोळीला गेली असताना तिच्या फोनच्या पडद्याचा त्यांनी फोटो काढून ठेवला होता आणि तो दोन बोटांनी मोठा करत ते मला एकच ओळ दाखवत होते: ‘थँक्स, लव्ह’, आणि त्यापुढे इंग्रजी ‘एक्स’ हे अक्षर. पाठवणारा तिच्या कामाचा तिकडचा प्रमुख, लीड्स शहरातला. त्या अक्षराचा अर्थ त्यांनी कॉलेजात शिकणाऱ्या भाच्याला आडून विचारला होता, आणि ‘मामा, ती किसची खूण असते’ असे उत्तर मिळाल्यापासून घरात अबोला होता. पत्नीला मात्र अबोल्याचे कारणच ठाऊक नव्हते.

भाच्याने सांगितले ते खोटे नव्हते, अपुरे होते. इंग्लंडच्या उत्तर भागात, विशेषतः लीड्स ज्या यॉर्कशरमध्ये येते त्या परगण्यात, बसचा चालक, दुकानदार, चहा देणारी बाई असे कुणीही अनोळखी माणसाला सहज ‘लव्ह’ म्हणते; न्यूकासलकडे त्याच जागी ‘पेट’ येते, नॉटिंगहॅम-डर्बीकडे ‘डक’, म्हणजे चक्क बदक, आणि स्कॉटलंडमध्ये स्त्रियांसाठी ‘हेन’, म्हणजे कोंबडी. निरोपाच्या शेवटी ‘एक्स’ लिहिण्याची सवयही ब्रिटनमध्ये मित्रमैत्रिणींत, भावंडांत आणि कित्येकदा सहकाऱ्यांतही आहे. आपल्याकडे मंडईतला भाजीवाला ‘ताई’ म्हणतो आणि पीएमपीचा वाहक ‘मावशी, पुढे सरका’ म्हणतो. सोसायटीच्या थकबाकीची नोटीससुद्धा ‘स. न. वि. वि.’ने सुरू होते, आणि त्यातल्या ‘सप्रेम’चा जाब कुणी चिटणिसाला विचारत नाही. (हे गृहस्थ स्वतःच त्यांच्या सोसायटीचे चिटणीस निघाले, त्यामुळे पुढचे बोलणे सोपे झाले.)

मात्र एवढ्यावरून असे सगळे शब्द निरुपद्रवी ठरवणे मला मान्य नाही. वरिष्ठ पुरुषाने कामाच्या ठिकाणी स्त्रीला ‘लव्ह’ म्हणणे खुद्द ब्रिटनमध्येही अनेकींना कमी लेखल्यासारखे वाटते. म्हणून शब्दकोशातला अर्थ बाजूला ठेवून मी विचारते ते असे, की हा शब्द सर्वांना मिळतो की एकीलाच, तो कामाच्या वेळेत येतो की रात्री कामाचे काही नसताना, त्या माणसाचे संदेश पुसले जातात का, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्या व्यक्तीला तो शब्द आला तिला तो कसा वाटतो. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पतींजवळ नव्हते, कारण त्यांनी तिला विचारलेच नव्हते.

दुसऱ्या भेटीला दोघेही आले. संशयापेक्षा तिला अधिक लागला तो चोरून काढलेला फोटो. तिने कामाचा गट उघडून फोन त्यांच्या हातात दिला. त्यात लीड्सच्या त्या प्रमुखाने गटातल्या आणखी दोघींचेही त्याच शब्दाने आणि त्याच अक्षराने आभार मानले होते. पतींनी बराच वेळ वाचले आणि ‘पण मी तुला असं कधी काही म्हणत नाही’ असे पुटपुटले. अशा वेळी पतीने रोज ‘लव्ह यू’ म्हणायला शिकावे असा सल्ला सर्रास दिला जातो. मी तो देत नाही. ज्या घरात ‘जेवलीस का’ या दोन शब्दांत सगळे येते, तिथे उसना शब्द आणला की दोघेही संकोचतात. तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘अहो, म्हणू नका काही, मला हसू येईल. रविवारी पूर्वीसारखं खडकवासल्याला नेत जा, तेवढं पुरे.’ पाळ्या बदलणे दोघांच्याही हातात नव्हते, रविवार होता.

याच भेटीत आणखी एक गोष्ट बाहेर आली. तिला खुपत होता तो लीड्सचा ‘लव्ह’ नव्हे, तर पुण्यातल्याच एका वरिष्ठाचा ‘डिअर’, जो फक्त तिलाच, सुटीच्या दिवशी आणि फोटोंवरच्या शेऱ्यांसह येत असे. घरी सांगितले तर नोकरीच सोडावी लागेल, या भीतीने ती गप्प होती. पतींना लगेच त्या माणसाला गाठायचे होते, ते आम्ही दोघींनी मिळून थांबवले. त्यांना मी सांगितले, की २०१३च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे आणि घटनेपासून, किंवा असे प्रकार चालूच असतील तर शेवटच्या घटनेपासून, तीन महिन्यांत लेखी तक्रार करता येते. ती करायची की नाही हा निर्णय तिचा होता.

तिने आधी त्या वरिष्ठाला दोन ओळींचा संदेश पाठवला, की आपल्याला नावानेच संबोधावे आणि सुटीच्या दिवशी कामाखेरीज लिहू नये. उत्तर आले नाही, पण ‘डिअर’ थांबला. तक्रार तिने अजून केलेली नाही. मात्र जुने संदेश तारखांसह जपून ठेवावेत असे मी सुचवले होते, आणि त्यांची एक प्रत तिने पतींच्या फोनवर, या वेळी स्वतःहून, पाठवून ठेवली आहे.