उन्हाळ्यात लॅबमध्ये काम करायचंय? मग हे वाच

अरे पैसे नाहीत म्हणून मागे हटू नकोस, अमेरिकेत कमी उत्पन्नाच्या घरातल्या हायस्कूलच्या मुलांसाठी अमेरिकन केमिकल सोसायटीने 1968 मध्येच प्रोजेक्ट सीड सुरू केलं, खऱ्या लॅबमध्ये मेंटॉरबरोबर काम आणि वर स्टायपेंड. एमआयटी या अमेरिकेतल्या विद्यापीठाचा माइट्स समर हा विज्ञान-इंजिनिअरिंगचा उन्हाळी प्रोग्रॅम 6 आठवड्यांचा, अर्ज 11वीत असताना करायचा, शिकणं-राहणं-जेवण फुकट, प्रवासखर्चाचं तेवढं आधी बघ. बरेच फॉर्म हिवाळ्यातच बंद होतात बरं का, मे महिन्यात शोधाशोध करून काही हाती लागत नाही. शिफारसपत्रासाठी सरांना-मॅडमना महिनाभर आधीच गाठ. निबंधात मोठमोठे शब्द नकोत, शाळेनंतरची नोकरी, धाकट्या भावंडांना सांभाळणं हे सगळं बिनधास्त लिही, तुझा वेळ कुठे जातो ते त्यांना कळायलाच हवं. आणि हजारो डॉलर फी मागणारा प्रोग्रॅम दिसला तर फॉर्म भरायच्या आधी फी माफीचं विचार.